माई नावाचं सभागृह

खोक्याची चिकटपट्टी ओढून तिने वरचा शर्ट काढला, झटकला आणि पाठीची बाजू स्वतःकडे करून धरला, तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की यंदा तरी अक्षर वाचण्याजोगं आलंय का. बँडच्या मागच्या दौऱ्याला इतकं बारीक छापलं होतं की गावांची नावं वाचायला लोकांना एकमेकांच्या पाठीला नाक लावावं लागलं. यंदा अक्षर ठसठशीत होतं, काळ्यावर पांढरं. दौऱ्यातल्या प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ: तारीख, गाव, सभागृह. डोळ्यांनीच ओळी मोजायची तिची सवय. तीस हव्या होत्या. एकतीस भरल्या. पुन्हा मोजल्या, पुन्हा एकतीस. मग तिला दिसलं. सतराला बंदराचं मोठं शहर, एकोणीसला डोंगरापलीकडचं शहर, आणि मधे, जिथे काहीच नको होतं तिथे, अठरा. अठराला एक बारकं गाव, जे या बँडच्या कुठल्याही शर्टावर आजवर आलं नव्हतं. आणि सभागृहाच्या रकान्यात दोन अक्षरं. माई. तिने शर्ट घडी करून परत खोक्यात ठेवला, जणू तो झाकला की ओळ पुसली जाईल. मागे रचलेल्या खोक्यांच्या पावतीवर लिहिलं होतं, नग चार हजार.

चूक कुणाची हे शोधायला तिला अर्धा मिनिटही लागलं नाही, आणि संताप तिथूनच सुरू झाला, कारण चूक तिचीच होती. एकोणीस वर्षं ती या चार म्हाताऱ्या होत चाललेल्या पोरांचे दौरे आखत होती. बँडमधले तिला 'बाई' म्हणत, बाहेरचे 'आखणीबाई'. तिच्या तक्त्याचा नियम साधा: ज्या दिवशी कार्यक्रम, त्या दिवशी सभागृहाचं नाव, ज्या दिवशी आराम, तिथे आडवी रेघ. शर्टाची पाठ मांडणारी मुलगी रेघेच्या ओळी गाळायची, उरलेल्या उतरवायची. हुशार मुलगी, तिचं काही चुकलं नाही. बाईने अठराला रेघ मारलीच नव्हती. रेघ मारायला हात गेला होता आणि थबकला होता, कारण तो दिवस रिकामा नव्हता, आणि रिकामा नसलेल्या जागी रेघ मारणं तिच्या हाताला जमेना. म्हणून तिने लिहिलं: माई. छापायच्या आधीचा नमुना तिच्याकडे आला, तो तिने तीनदा वाचला, दोन गावांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि खाली सही ठोकली. अठरावर नजर गेली नसेल असं नाही. गेली असणार. चुकीचं असतं तर टोचलं असतं. खरं होतं, म्हणून टोचलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दौरा म्हणजे चार पोरं बसमध्ये बसतात आणि जिथे मन रमेल तिथे उतरून वाजवतात. असं सांगणारी माणसं भेटली की ती नुसती हसायची. दोन मालट्रक असतात, ते एका दिवसात ठरावीकच अंतर कापू शकतात, कारण चालकांनी सलग किती तास चालवायचं याला कायदा आहे. गायकाचा घसा लागोपाठ तीन दिवसांपलीकडे चालत नाही, चौथ्या दिवशी तो कोंबड्यासारखा आरवतो. काही सभागृहांची मागची दारं इतकी अरुंद की ढोलांची पेटी आत जायला तिरकी करावी लागते, आणि तिरकी केली की ढोलवाला, ज्याला सगळे थापाड्या म्हणतात कारण वाद्यावर आणि तोंडाने तो दोन्हीकडे सारख्याच सफाईने थापा मारतो, रस्त्यावर बसून रडण्याचं सोंग करतो. आणि सगळ्यात मोठी कटकट तारखांची. सभागृहांच्या वह्यांत तारखा आधी पेन्सिलीने लिहितात. जो आधी विचारेल त्याचा पहिला धर, मागून आला त्याचा दुसरा धर. पहिल्याने सोडली तर दुसऱ्याला मिळते. दुसऱ्याला फारच घाई असली तर तो रेटतो, मग पहिल्याला एका दिवसात सांगावं लागतं, घेतोस की सोडतोस. हे धरण्या-सोडण्याचं तिच्या इतकं अंगात भिनलं होतं की माणसांकडेही ती तसंच बघायची. तिच्या दिवसांवर पहिला धर बँडचा. माईचा कायम दुसरा. आणि एकोणीस वर्षांत माईने एकदाही रेटलं नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती दोन गावांच्या मधे होती. तिला चार तास मिळाले. बस गल्लीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून उभी, कारण बंद केलं की पुन्हा सुरू व्हायला रुसायची, आणि वर खोलीत माई तिला म्हणाली, "जा तू. खाली तुझी मोटार घरघरतेय, लोकांना त्रास. बरं दिसत नाही." बरं दिसत नाही! बाप गेलेल्या घरात बरं दिसायचं काय राहिलं होतं? पण ती गेली होती. जिना उतरताना तिने घड्याळ पाहिलं होतं आणि दहा मिनिटं वाचली म्हणून तिला, आज आठवूनही अंगावर काटा येतो, बरं वाटलं होतं.

यंदा मात्र माईने रेटलं. फोनवर ती नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होती, कानाने कमी ऐकणारी माणसं बोलतात तसं. "उजवा गेला, बये. डावा जाणार म्हणतोय डॉक्टर. वर्षाच्या आत. आधी बारीक आवाज जातात म्हणे. घंटी, चिमण्या, बायकांचे आवाज. ढोलबिल शेवटपर्यंत राहतात. म्हणजे तुझा जाणार आणि तुझ्या त्या थापाड्याचा राहणार." आणि मग, "तर मला तुझा एक दिवस दे. आलीस-गेलीस नव्हे. अख्खा. फोनवर मला आता नुसती खरखर येते. समोर बस आणि बोल. काय बोलायचं ते बोल, पण कान आहे तोवर बोल." तेव्हा तिने नकाशा पसरला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माईच्या गावात सुई टोचून तिथून उलटा-सुलटा दोरा फिरवत, सगळा दौरा त्या एका सुईभोवती बसवला. कुणाला कळलं नाही. बंदराच्या शहरानंतर सगळ्यांना एक दिवस आराम, एवढंच सगळ्यांना दिसलं. दोन ट्रकांना, चार गवयांना आणि तेवीस कामगारांना तिने माईच्या डाव्या कानासाठी शंभर कोसांचा वळसा घालायला लावला होता, आणि त्या गुपिताचा तिला केवढा अभिमान होता!

आणि आता ते गुपित चार हजार पाठींवर. पाठींचं एक वेळ निस्तरता आलं असतं. पण तोच तक्ता त्या सकाळी भिंतीवरच्या पोस्टरांत आणि बँडच्या पानावरही गेला होता, आणि दुपारपर्यंत मागावरच्यांनी तो फस्त केला होता. मागावरचे, म्हणजे एका कार्यक्रमाने ज्यांचं पोट भरत नाही असे लोक. बँड पुढे, हे मागे, गावामागून गाव. चारचौघींत एक खोली घेतात, अंघोळीच्या पाळ्या लावतात, कुठल्या स्टेशनावर सामान ठेवायची कपाटं फुकट आहेत हे त्यांना पाठ. पहाटेपासून दारात रांग लावतात आणि कुणी मधे घुसू नये म्हणून एकमेकांच्या मनगटावर शाईने आकडे घालतात. तिच्या आखणीचा तर त्यांनी असा अभ्यास केलेला की तारखा जाहीर व्हायच्या आधीच अर्ध्या बरोबर सांगत. 'आखणीबाई डोंगर नेहमी आरामाच्या दिवशी ओलांडते', असं कुणीतरी लिहिलेलं तिने एकदा वाचलं होतं आणि रस्त्यात कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी तसं दचकायला झालं होतं. तिच्या सख्ख्या आईला ती आज कुठे आहे हे माहीत नसायचं, आणि दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या कुण्या बाईला ती पुढच्या मंगळवारी कुठे असेल हे ठाऊक. संध्याकाळपर्यंत 'माई'चे अर्थ लागले. माई म्हणजे बंद पडलेली गिरणी. माई म्हणजे तळघरातला छोटा हॉल, जेमतेम दोनशे माणसांचा. माई म्हणजे गायकाची पहिली प्रेयसी, आणि तिच्या घराच्या गच्चीवर गुप्त कार्यक्रम. आठवडा उलटायच्या आत गावातल्या दोन्ही लॉजच्या खोल्या संपल्या.

मॅनेजरने तिला बोलावलं तेव्हा तो खुशीत होता, आणि तो खुशीत असला की तिचं काम वाढायचं. "बाई, पायाशी सोनं पडलंय आणि तू तोंड असं काय केलंयस?" तो म्हणाला. तिने सगळं सांगितलं; रेघेचं, माईचं, कानाचं. तो ऐकत होता, मान हलवत होता, मधेच त्याने "अरेरे"ही म्हटलं, आणि मग म्हणाला, "मग झकासच की. त्या गावात एक जुनं थिएटर आहे, अठराला रिकामं. दुपारी चारचा कार्यक्रम. सहाशे माणसं सहज. तू तिथलीच, तुला गल्ली न् गल्ली ठाऊक. तूच बघ सगळं."

"अठराला मी नाही."

"चूक कुणाची?"

"माझी."

"मग निस्तरायची कुणी?"

तिचं डोकं आणखीच तापलं. मागे सोफ्यावर पडलेला थापाड्या डोळे न उघडता म्हणाला, "माईला आपण पहिल्या रांगेत बसवू. खुर्ची मी स्वतः उचलून आणीन." ती त्याच्याकडे वळली. "तिला ऐकू येत नाही, असं मी आत्ता पाच मिनिटं सांगतेय." "मग पहिलीच रांग बरी," थापाड्या म्हणाला. त्याला वाईट बोलायचं नव्हतं. त्यांच्यापैकी कुणालाच कधी वाईट बोलायचं नसतं; ते प्रेमळ होते, तिच्या वाढदिवसाला गाणं म्हणायचे, आणि तिचा दिवस कुणी उचलून खिशात घातला तर त्यांना ती चोरी वाटतच नव्हती, कारण तिच्याकडे स्वतःचा असा दिवस असतो हेच त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं. आणि ते लक्षात येऊ नये याची तजवीज एकोणीस वर्षं कुणी केली? तिनेच.

त्याच आठवड्यात दातांच्या दवाखान्यातल्या बाईचा फोन आला. मागावरच्यांत तिला 'पुढची रांग' म्हणत. एकशे बारा कार्यक्रम, एकशे बाराही अगदी पुढून. कधीमधी स्टेशनाची, गाडीची काही चौकशी असली की ती फोन करी. "आखणीबाई, माझ्यापुरतं सांगा हो. माई म्हणजे काय?"

"माई म्हणजे माझी आई."

"म्हणजे?"

"म्हणजे मी माझ्या आईकडे जाणार होते. ते छापलं गेलं. कार्यक्रम नव्हताच तिथे."

"आम्ही रजा टाकल्यात!" पुढची रांग म्हणाली, आणि तिचा आवाज असा चढला की दवाखान्यातला रोगी खुर्चीत सरळ झाला असेल. "खोल्या घेतल्या, तिकिटं काढली, दोघी तर विमानाने येतायत. तुम्ही आखणी करता की चेष्टा?"

"आता होणार आहे कार्यक्रम. काळजी नको. माझ्याच दिवसावर होणार आहे."

"आमच्यावर का चिडताय? आम्हाला आया नाहीत? वर्षाला चोवीस दिवस रजा मिळते मला. त्यातले पाच मी आईला देते. एकोणीस तुम्हाला देते. तुम्हाला. कळतंय का? बँड कुठे जाणार हे तुम्ही ठरवता, म्हणून मी जाते. माझ्या आईने विचारलं की मी काय सांगू, आखणीबाई काय करत होत्या?" फोन तिनेच ठेवला. बाईने रिसीव्हर दाणकन आपटला. आपण एका माणसावर चिडलो, तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि फिरून ते बोट आपल्याच नाकावर येतं, यासारखा छळ नाही. तिला हवा होता एक सरळ, चोख, शिव्या घालण्याजोगा गुन्हेगार. तिच्या वाट्याला आली होती रजा मोजणारी बाई, हसतमुख मॅनेजर आणि स्वतःची सही.

म्हणून तिने आपल्यापुरता हिशेब केला. सहाशे माणसं तिच्या अक्षरावर विसंबून निघाली होती, त्यांना दारातून परत पाठवणं तिला जमलं नसतं. थिएटरच्या मागच्या दाराची रुंदी, विजेची जोडणी, ट्रक कुठून वळतील, पोलिसांची परवानगी, दोन्ही लॉजमध्ये मावणार नाहीत त्यांच्यासाठी शाळेचे वर्ग, सगळं तिने फोनवरून जुळवलं. फक्त एक गोष्ट मागितली. गावाबाहेर कारखान्याचं मोठं सभागृह होतं, कार्यक्रम तिथे घ्या. मॅनेजर म्हणाला, लोक स्टेशनवरून चालत येणार, थिएटरच बरं. थिएटर माईच्या खोलीपासून तीन गल्ल्यांवर होतं. तिने कागदांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. "हे सगळं सतरापर्यंत मी बघते. अठराला माझा फोन बंद. ट्रक अडकला, वीज गेली, गायकाचा घसा बसला, थिएटर कोसळलं, काही झालं तरी." "अगं, पण तू तिथेच तर असणार, तीन गल्ल्यांवर," तो खरोखरच गोंधळून म्हणाला. "मी तिथे नसणार," ती म्हणाली. "मी माईकडे असणार."

अठराला सकाळी आठला ती जिना चढली. माईने तयारी करून ठेवली होती. खुर्ची अशी फिरवलेली की डावा कान सोफ्याकडे येईल. भिंतीवरचं घड्याळ उतरवून कपाटात, कारण त्याची टिकटिक मधे येते म्हणे, खरं तर ती तिला गेल्या वर्षापासून ऐकूच येत नव्हती. दोघी समोरासमोर बसल्या. "हं," माई म्हणाली. "बोल." आणि बाईला बोलायला काही सुचेना. एकोणीस वर्षं ती लोकांना वेळा सांगत आली होती, अंतरं सांगत आली होती. वेळ आणि अंतर वजा केल्यावर आपल्याजवळ सांगण्यासारखं काय उरतं हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती हळू आवाजात काहीबाही सांगू लागली, दवाखान्यात बोलतात तसं. माई पुढे वाकून तिच्या ओठांकडे बघत होती. "गायकाचा घसा बसला होता," ती म्हणाली. "कुणाचा पैसा फसला?" माई म्हणाली. हसल्या दोघी. पण असं चार-पाचदा झाल्यावर माई हसायची थांबली आणि नुसतीच मान हलवायला लागली, आणि ती मान बाईने ओळखली. फोनवर माई कित्येक वर्षं असंच हं-हं करत असणार. दुपार झाली. दोघी जेवल्या, पुन्हा बसल्या. सहा तास झाले होते आणि सांगून काही झालं नव्हतं.

दोन वाजता ढोल सुरू झाला. चारच्या आधी वाद्यं लावून बघतात. थापाड्या एकेक ढोल सुटा सुटा वाजवतो, पंधरा पंधरा मिनिटं, कारण त्याचं समाधान होत नाही. धप्. धप्. धप्. आधी तो फरशीतून तळपायांना लागला, मग खुर्चीच्या पायांतून वर आला, कपाटातल्या काचेच्या पेल्यांनी एकमेकांना धरलं. माईने मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर नीट काहीतरी ऐकू आल्याचं दिसलं. "हे कोण बडवतंय?"

"थापाड्या."

"काय?"

"थापाड्या!"

"ऐकू नाही येत. ते बडवणं मधे येतंय." बाईने उठून खिडक्या लावल्या. ढोल खिडकीतून येतच नव्हता. तो भिंतीतून, जमिनीतून, पलंगातून येत होता. डॉक्टर बरोबर म्हणाला होता. बायकांचा आवाज आधी जातो, ढोल राहतात. माईच्या कानात उरलेली जी काही एवढीशी जागा होती, ती आता त्या माणसाने पाय पसरून व्यापली, आणि कुणाला त्रास द्यायचा हेतू नसताना. जाऊन त्याला थांबवावं? तीन गल्ल्या. गेलं की कुणीतरी विचारणार, आलीच आहेस तर ती वायर तेवढी बघ. मग रांगेत उभी ती दवाखान्यातली 'पुढची रांग', मग मॅनेजर, मग चार वाजणार, मग सात.

"तूच बोलावलंस ना त्यांना?" माई म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "जा बाई. तुझं काम आहे. बरं दिसत नाही."

"नाही जाणार!" बाई ओरडली. खुर्चीच्या हातावर हात आपटून, उठून, माईच्या डाव्या कानावर वाकून, पोटाच्या खालून ओरडली. "बरं दिसत नाही म्हणजे काय? कुणाला दिसत नाही? बाबा गेले तेव्हाही हेच म्हणालीस! का जाऊ दिलंस मला? एकदा तरी म्हणायचं होतंस, बस इथे! तो म्हातारा ड्रायव्हर इंजिन बंद करायला घाबरायचा म्हणून मी बापाजवळ चार तास! चार! वरून दहा मिनिटं वाचली म्हणून मी खूश झाले, माई, खूश झाले जिन्यात!" तिचा आवाज फुटला, घोगरा झाला, आणि ती थांबली ती श्वास घ्यायला. ढोल वाजतच होता. माई तिच्याकडे बघत होती. डोळे मोठे, तोंड किंचित उघडं.

"जिन्यात का?" माई म्हणाली.

"काय?"

"खूश जिन्यात का झालीस? सगळं ऐकू आलं मला. असंच बोल. इंजिनापासून सांग परत."

आणि बाईने सांगितलं. कानाशी तोंड नेऊन, गळ्याच्या शिरा ताणून, शिव्यांसकट सांगितलं. बसमधला मुताचा वास, गायकाचे नखरे, तिरकी करायची पेटी, लॉजमधल्या ओल्या उशा, रजा मोजणारी ती बाई आणि तिचे पाच दिवस, एका गावात तिच्यावर जीव लावणारा दिवेवाला आणि त्याला सांगायचं राहून गेलेलं, नकाशावरची सुई, ती दोन अक्षरं, मग मॅनेजर. माई मधेमधे भांडत होती. "खोटं! मी तुला कधी जा म्हटलं?" "म्हणालीस!" "म्हटलं असेन. तू थांबायचं होतंस!" "तू थांबवायचं होतंस!" दोघी एकमेकींच्या अंगावर ओरडत होत्या, ढोलाच्या वर, गिटारी लागल्या त्यांच्याही वर, आणि चार वाजता तीन गल्ल्यांपलीकडे सहाशे माणसांनी आरोळी ठोकली ती या खोलीत कुणाला कळलीदेखील नाही. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने छताला काठीने ठोकलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. बाई गप्प झाली आणि फरशीकडे बघू लागली.

"ठोकू दे त्याला," माई म्हणाली. तिने बाईची हनुवटी धरून तोंड पुन्हा आपल्या कानाकडे वळवलं. "तू मॅनेजरपर्यंत आली होतीस."